पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी हातात जेंबे

‘पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकलेली असते. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत त्याच तिसऱ्या दिवसाबद्दल वेगळं सांगतात: ‘म्गेनी सिकू म्बिली, सिकू या तातू म्पे जेंबे.’ पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात जेंबे द्या. जेंबे म्हणजे आपल्या फावड्याच्या वळणाचं, लांब दांड्याचं खणायचं अवजार. १९६२ मध्ये टांझानियाचे राष्ट्रपिता ज्युलियस न्येरेरे यांनी उजामाचा, म्हणजे एका कुटुंबासारखं जगण्याचा विचार मांडला, तेव्हा हीच म्हण आधाराला घेतली होती. त्यांना कष्टांबद्दल बोलायचं होतं. मला मात्र किलिमांजारोच्या उतारावरच्या गावात राहून ती मैत्रीची म्हण वाटायला लागली. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी पाहुण्याने निघावं अशी अपेक्षा, तिकडे त्याने घरचं व्हावं अशी.

बरीच मराठी मंडळी हल्ली किलिमांजारो चढायला टांझानियात जातात. ५,८९५ मीटरवर झेंडा, फोटो आणि परत विमानतळ. पण त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावर, मारांगूच्या बाजूला, चागा लोकांची गावं आहेत, आणि तिथे कुणाच्या तरी घरी आठ-पंधरा दिवस राहता येतं. असं पहिल्यांदाच राहायला जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. यातलं सगळं चागा गावांबद्दलचं आहे. खाली मैदानात उतरलं की मसाई वस्त्या लागतात आणि तिथले रिवाज निराळे. ‘आफ्रिकेतलं गाव’ असं काही एकच नसतं, हे आधी मनात पक्कं करा.

जाण्याआधी

राहण्याचे पैसे किती, कुणाच्या हातात द्यायचे आणि त्यात जेवण धरलंय का, हे निघण्याआधी ठरवून घ्या. हे ठरलेलं असलं की रोज पैशाचा विचार मध्ये येत नाही, ना त्यांच्या ना तुमच्या. शाळेत शिकवायचं किंवा दवाखान्यात मदत करायची असेल तर वेगळा परवाना लागतो, पर्यटक व्हिसावर ते करू नका.

शाकाहारी असाल तर तेही आधीच कळवा. हे छोटं वाटतं, पण नाही. पाहुणा आला की कोंबडी कापणं हा तिथला मान आहे. ती कापून, शिजवून, ताटात आल्यावर तुम्ही ‘मी खात नाही’ म्हणालात तर घरातल्या बाईचा दिवसच वाया जातो. ‘मीमी सिली न्यामा’, मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करून जा. खायला काही कमी पडत नाही. केळी आणि घेवडा एकत्र शिजवून केलेलं किबुरू, मका आणि घेवड्याचं माकांडे, म्चिचा नावाची आपल्या माठासारखी पालेभाजी, असं रोज पोटभर मिळतं.

भेटवस्तू मुंबईहून ओझं करून नेऊ नका. डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरात उतरलात की बाजारातून साखर, चहापत्ती, तांदूळ, खायचं तेल, अंगाचा आणि कपड्यांचा साबण घ्या. कुठल्याही घरात लागतं ते हेच. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे, म्हणून एक विणलेली टोपली, किकापू, विकत घ्या आणि सामान त्यातून न्या. ती टोपलीही नंतर त्या घरीच ठेवता येते. घरून न्यायची वस्तू एकच: आपल्या माणसांचे छापलेले फोटो. आई, वडील, आजी, घर, अंगण, गाय-म्हैस असेल तर तीही. माझ्याकडचा आमच्या नाचणीच्या शेताचा फोटो घरातल्या म्हातारीने अर्धा तास हातातून सोडला नाही.

मार्च ते मे मुसळधार पाऊस असतो, त्याला मसिका म्हणतात. लाल माती बुटाला चिकटून पाय उचलत नाही. जून-जुलैत थंडी, स्वेटर हवाच. डिसेंबरमध्ये देशभर पांगलेले चागा नाताळसाठी गावी परततात आणि घरं माणसांनी भरून जातात. गणपतीला कोकणात जसं होतं अगदी तसं. पहिल्या खेपेला ते दिवस टाळा. ओळख झाल्यावर मात्र त्याच दिवसांत जा.

वीस शब्द शिकून जा

स्वाहिली मराठी माणसाला अनोळखी वाटत नाही. अरबी, फारसी आणि भारतीय भाषांतून कितीतरी शब्द तिकडेही गेलेत. दुकान म्हणजे दुका, साबण म्हणजे साबुनी, हिशेब म्हणजे हेसाबू, विमा म्हणजे बिमा, तयार म्हणजे तयारी, रंग म्हणजे रंगी. लाखाला लाकी म्हणतात, आणि टांझानियाच्या शिलिंगात व्यवहार असल्याने हा शब्द पहिल्याच दिवशी कानावर पडतो. कोशिंबिरीला कचुंबारी.

गोंधळ होतो तो नात्यांत. मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण! बाबा मात्र बाबाच. आजी ती बीबी आणि आजोबा ते बाबू. पहिले दोन दिवस तोंडातून चुकीचं निघणारच. निघू द्या. मी घरातल्या मोठ्या मुलाला आदराने ‘दादा’ म्हणून हाक मारली तेव्हा चुलीपाशी बसलेल्या सगळ्या बायका हसून लोटपोट झाल्या. मग मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे मोठ्या भावाला दादा म्हणतात आणि आईच्या भावाला मामा. त्या संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका मुद्दाम ते ऐकायला आल्या. भाषेची चूक घेऊनच मी त्या स्वयंपाकघरात शिरले, असं म्हणायला हरकत नाही.

घरच्या बाईला तिच्या नावाने हाक मारायची नसते. थोरल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव विचारून घ्या आणि ‘अमक्याची मामा’ अशा अर्थी मामा पुढे ते नाव लावा.

गावात स्वाहिली सगळ्यांना येते, पण घरात किचागा बोलतात, आणि तीही एका डोंगरकडेपासून दुसरीपर्यंत बदलते. त्यातला एक शब्द पुरे: ‘आइका’, म्हणजे धन्यवाद. जेवण झाल्यावर म्हातारीकडे बघून आइका म्हणा आणि तिचा चेहरा बघा.

पहिला दिवस: अंगणात थांबा

फाटक उघडं दिसलं तरी सरळ आत जाऊ नका. बाहेर थांबून ‘होदी’ अशी हाक द्या. आतून ‘करीबू’ आलं की मगच पाऊल टाका. उत्तर आलं नाही तर पुन्हा एकदा, फार तर तिसऱ्यांदा, आणि मग परत फिरा.

वडीलधाऱ्यांना पहिला शब्द ‘शिकामो’. मी तुमचे पाय धरतो, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे आपलं पाया पडणंच, फक्त तोंडाने. ते ‘मराहाबा’ म्हणतील. शिकामो न म्हणता म्हाताऱ्या माणसाशी बोलायला लागलात तर कुणी टोकणार नाही, पण लक्षात राहतं. उलट लहान मुलं तुम्हाला शिकामो म्हणतील तेव्हा गोंधळू नका. मराहाबा म्हणा.

त्यानंतर खुशाली. ‘हाबारी’ म्हणजे खबर. घरची खबर, मुलांची खबर, शेताची खबर, प्रवासाची खबर. प्रत्येकाला ‘न्झुरी’ किंवा ‘न्जेमा’, म्हणजे छान. पोटात कळ येत असली तरी आधी न्झुरी म्हणायचं आणि मग पोटाचं सांगायचं. हातात घेतलेला हात एवढा वेळ सुटतही नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला इथे घाई होते. ती आवरा. या तीन-चार मिनिटांतच तुमची पारख होत असते.

पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी यजमानांबरोबर गावच्या कार्यालयात जाऊन या. तिथे पाहुण्यांची वही असते, तीत नाव, गाव, कारण, सही. दहा घरांमागे एक प्रमुख नेमायची रीत टांझानियात जुनी आहे, त्यांनाही भेटून या. तुम्ही कोण, कुणाकडे उतरलात, हे गावाला माहीत झालं की पायवाटेवर भेटणारा प्रत्येकजण निर्धास्त होतो.

आता थोडं अवघड. तुम्हाला ‘म्हिंदी’ म्हणतील, म्हणजे भारतीय. त्यात शिवी नाही. पण पूर्व आफ्रिकेत भारतीय म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेला माणूस. माल देणारा, पैसे घेणारा, घरी न बोलावणारा. गावकऱ्यांची ही आठवण खोटी नाही. तुमच्याशी सुरुवातीला जे अंतर ठेवलं जातं त्यात ती असते. त्यावर भाषण करून उपयोग नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं, त्यांच्या ताटातलं खाणं आणि आपल्या घरच्या गोष्टी सांगणं याने ते अंतर कमी होतं. आठवडा लागला तर लागू द्या.

घड्याळ सहा तास मागे

स्वाहिलीत दिवसाची मोजणी सूर्योदयापासून होते. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. कुणी ‘सा तातू’ला या म्हणालं तर तीन वाजता नाही, नऊ वाजता. मला एका घरी चहाला बोलावलं होतं, मी तीन वाजता पोचले. सकाळपासून झाकून ठेवलेला चहा आणि मांदाझी, म्हणजे तळलेले गोडसर पाव, तशीच होती. रागाचा एक शब्द नाही, उलट ‘पोले’ म्हणत पुन्हा चूल पेटवली. वेळ ठरवताना सकाळ, दुपार, संध्याकाळ हेही विचारून घ्या.

पोले या शब्दाबद्दल सांगायलाच हवं. तुम्ही घसरलात, दमलात, आजारी पडलात, ओझं वाहताय, लांबून आलात, की पोले. ही माफी नाही. ‘तुझा त्रास मला दिसतोय’ एवढंच. शेतात राबणाऱ्या माणसाजवळून जाताना ‘पोले ना काझी’ म्हटल्याशिवाय जाऊ नका. आपल्याकडे या अर्थाचा एकच शब्द नाही याची मला तिथे फार हळहळ वाटली.

दुसरा असाच मऊ शब्द ‘बादो’, म्हणजे अजून नाही. लग्न झालंय का, मुलं आहेत का, असं सरळ विचारतील. ‘हापाना’, नाही, असं तोडून टाकू नका. ‘बादो’ म्हणा. साठीची बाईसुद्धा बादो म्हणते. दार बंद करायचं नाही, अशी ती रीत.

ताटावर

जेवणाआधी घरातली मुलगी तांब्या आणि परात घेऊन येते, हातावर कोमट पाणी घालते. हात पुढे करा आणि तिला असांते, म्हणजे स्वाहिलीत धन्यवाद, म्हणा. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने, उजव्याच हाताने खायची: लहान गोळा, अंगठ्याने खळगा, त्यात भाजी. भाकरी मोडून खाणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, आणि तुम्ही काटा-चमचा मागितला नाही याचाच घरात आनंद होतो. वस्तू देताना-घेताना उजवा हात किंवा दोन्ही हात.

कुणी जेवत असताना जवळून गेलात तर ‘करीबू’ म्हणतील, आपल्या ‘या जेवायला’सारखंच. भूक नसेल तर ‘असांते’ म्हणून पुढे जा. पोट भरलं की ‘निमेशिबा’ म्हणा. त्याआधी दोनदा वाढतील, हे धरून थोडं कमी घ्या.

म्बेगे नावाची घरगुती दारू समारंभात, पाहुण्यांसमोर, भोपळ्याच्या पात्रातून येते. पिकलेली केळी आणि उलेझी यांची. उलेझी म्हणजे आपली नाचणी. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंचावरची. हजारो वर्षांपूर्वी ती तिकडून आपल्याकडे आली. आपण भाकरी आणि आंबील केली, त्यांनी पेज आणि म्बेगे. तुम्ही पीत नसाल तर पात्र दोन्ही हातांत घ्या, ओठांजवळ न्या आणि पुढच्याला द्या. हात झटकून नको म्हणू नका. सकाळी उलेझीची पेज, उजी, मिळाली तर मात्र सांगा की आम्हीही हीच खातो. मी आंबील कशी आंबवतात ते सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ताक घालून करून दाखवली. म्हातारीने चाखली, थोडं थांबली आणि म्हणाली, मीठ कमी आहे.

तिसरा दिवस

चागा माणसाचं घर म्हणजे त्याची किहांबा: घराभोवतीची केळीची बाग, केळीच्या सावलीत कॉफी, खाली अळकुड्यांसारखे कंद, गोठ्यात बांधलेली गाय. गायीला चरायला सोडत नाहीत, गवत कापून डोक्यावरून आणतात आणि शेण केळीला जातं. डोंगरातून आलेलं पाणी मिफेरेजी नावाच्या हाताने खणलेल्या पाटांतून बागेत फिरतं, त्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. पाट साफ करायला घराघरातून माणूस जातो. कॉफी परंपरेने पुरुषांची, केळी बायकांची. या कॉफीच्या जोरावर चागा शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये स्वतःची सहकारी संस्था उभी केली, हे तिथल्या म्हाताऱ्यांशी बोलायला फार चांगला विषय आहे. साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या माणसाकडे त्यावर बोलायला भरपूर असतं.

बागेत पूर्वजांच्या समाध्याही असतात. कडेला एक हिरव्या लांब पानांचं झाड दिसेल, मसाले नावाचं. भांडण मिटवायचं, क्षमा मागायची तर त्याचं पान नेतात. ते सहज तोडू नका आणि समाध्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. माणसांचेही नाही.

तर तिसऱ्या दिवशी सकाळी काम मागा. ‘मदत करू का’ असं विचारलंत तर ‘नको, बसा’ हेच उत्तर येणार, आपल्याकडेही तेच येतं. म्हणून विचारू नका, शिकवा म्हणा. ‘निफुंदिशे’, मला शिकवा. मला पहिलं काम मिळालं घेवडा निवडायचं. सूप दिलं, त्यात घेवडा. मी पाखडायला लागले आणि फोलपटं पुढे, दाणे मागे झाल्यावर मामाने हातातलं काम थांबवून पाहिलं. हे कुठे शिकलीस? आईकडे, म्हटलं. त्यानंतर तिने मला पाहुणीची खुर्ची दिली नाही, बसायला तिच्याजवळचं बुटकं स्टूल सरकवलं. जेंबे पाचव्या दिवशी हातात आलं. अर्ध्या तासात तळहाताला फोड. पोले, पोले, असं चारी बाजूंनी. पण माझी ओळ कुणी पूर्ण करून दिली नाही, ती मलाच करू दिली. त्याचं मोल मला नंतर कळलं.

पुरुष पाहुण्यांनी पाट साफ करायला, गवत आणायला जावं. स्वयंपाकघरात बसायला लाजू नये, पण बायका संकोचतायत असं दिसलं तर उठावं.

पैसे मागितले तर

मागतील. कुणाची फी, कुणाचं औषध. रागावू नका आणि पाकीटही काढू नका. एकाला हातात दिलं की गावात तुमचं नाव तेच होतं, गल्ल्यामागचा माणूस. गावात लग्न, आजारपण, शाळेची खोली यासाठी म्चांगो, वर्गणी, काढतात. यजमानांना विचारा, इतर घरं किती देतात, आणि तेवढ्याच्या आसपास द्या. वहीत तुमचं नाव इतरांच्या खाली येऊ द्या. ‘पुढच्या वर्षी लॅपटॉप पाठवते’ असली वचनं कधीही देऊ नका. ती वर्षानुवर्षं आठवतात.

त्याहून महत्त्वाचं, तुम्ही त्यांच्याकडून घ्यायला शिका. दिलेली अंडी घ्या, केळी घ्या, उसना स्वेटर घ्या. एकमेकांचं देणं फिटून गेलं की शेजार संपतो, हे आपल्या वाटीभर साखरेच्या शेजाराला माहीत आहे. फक्त देत राहणाऱ्याशी कुणाची मैत्री होत नाही.

रविवार आणि दुःखाचे दिवस

चागा बहुतेक ख्रिस्ती, लुथरन किंवा कॅथलिक. रविवारी तुमचा धर्म कोणताही असो, एकदा चर्चला जा. पाहुण्याला उभं करून नाव-गाव विचारतात, दोन वाक्यं तयार ठेवा. लुथरन चर्चमध्ये ज्यांच्याकडे पैसे नसतात ते अंडी, केळ्यांचा घड, कोंबडी वाहतात, आणि प्रार्थनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्यात बोली लावा. मी घेतलेला घड खांद्यावर घेऊन घरी आले तेव्हा वाटेत निदान दहा जणांनी थांबवून किंमत विचारली.

मुक्कामात गावात कुणी गेलं तर बाहेरचे म्हणून घरी थांबू नका. बायका कांगा, म्हणजे छापील सुती कापड, कमरेला गुंडाळतात, तशी एक मागून घ्या. जाऊन बसा. बोलावं लागत नाही, पोले साना एवढंच. राम्बीराम्बी म्हणून थोडे पैसे वहीत देतात. पाणी भरायचं, भाज्या चिरायच्या, ते हात लावून करा.

निघताना

निघायची तारीख दोन दिवस आधी सांगा, कारण घरचे काहीतरी बांधून देणार आणि त्याला वेळ लागतो. कांगा मिळाली तर तिच्यावर छापलेलं वाक्य वाचून घ्या. प्रत्येक कांगेवर एक म्हण असते आणि ती तुमच्यासाठी निवडलेली असू शकते. फोटो काढले असतील तर मोशीत छापून, दालादालाच्या, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसच्या, ओळखीच्या चालकाकडून पाठवून द्या. मोबाईलवर नुसते धाडू नका, भिंतीवर लावायला कागद लागतो. आणि नंतर फोन करा, कामाशिवाय. हाबारी, घरची, मुलांची, गायीची.

फाटकापाशी निरोप घेऊन मोकळं होता येत नाही. ‘कुसिंदिकिझा’ अशी रीत आहे, पाहुण्याला थोडं अंतर चालत पोचवायचं. जेवढी माया तेवढं अंतर. म्हणून बोदाबोदा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, दारात बोलावू नका, खालच्या रस्त्यावर बोलवा आणि तिथवर चालत जा. माझ्याबरोबर मुलं वळणापर्यंत आली, मामा पाटाच्या लाकडी फळीपर्यंत. म्हातारी काठी टेकत डांबरी रस्त्यापर्यंत आली. बोदाबोदावाला वाट बघत होता. तिने माझ्या टोपलीतले केळ्यांचे दोन घड पुन्हा नीट लावले, वर घेवड्याची पुडी ठेवली आणि म्हणाली, हा पेरायचा आहे, खाऊ नकोस.